शंभर टक्क्यांची बॅच

धनाजीने तो फ्लेक्स स्वतःच्या हाताने बांधला आणि दर गाठीला एकेक शिवी घातली. शिव्या मनातल्या मनात, कारण खाली गेनूकाका शिडी धरून उभे होते. गेनूकाका त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मंडपाच्या कामावर होते आणि त्यांच्यापुढे धनाजी अजूनही तोंड सांभाळून असे.

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'शंभर टक्के निकालाची पहिली बॅच. दहावी १९९९-२०००. रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा.' खाली अठ्ठावीस गोल फोटो. मधला फोटो इंद्रजितचा, बाकीच्यांच्या दुप्पट, हात जोडलेला.

"उजवीकडनं जरा वर घे," गेनूकाका म्हणाले. "तोंडं वाकडी दिसत्यात."

"हायेतच वाकडी," धनाजी म्हणाला.

धनाजीचा मंडप आणि साऊंडचा धंदा. भोंगवलीपासून वेल्ह्यापर्यंत लग्न असो, बारसं असो, नाहीतर दशक्रिया, टेम्पोत बांबू आणि कर्णे घालून धनाजी हजर. आज मंडप होता त्याच्या स्वतःच्या शाळेत. आंबवड्याच्या पुढच्या खोऱ्यातली ही शाळा. नाव सांगत नाही. न सांगताच खोऱ्यातले लोक ओळखतील आणि चिडतील, तेवढं पुरे.

या अठ्ठावीस जणांबरोबर धनाजी पहिलीपासून नववीपर्यंत शिकला. नऊ वर्षं. एकाच बाकावर बसून, एकाच नळाला तोंड लावून. पण फ्लेक्सवर त्याचा फोटो नव्हता, कारण दहावीला तो नव्हता. आणि दहावीला तो का नव्हता, हे त्या अठ्ठावीस जणांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांच्यापैकी कुणी ते कधी काढत नव्हतं.

झालं होतं असं. त्या साली संस्थेने हेडसरांना दम दिला होता, की पुढचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे. पोरांना शिकवून निकाल शंभर टक्के लावायचा तर घाम गाळावा लागतो. हेडसरांनी सोपं काम केलं, नववीतच चाळण लावली. जे दहावीला आपटतील अशी शंका, ते नऊ जण नववीत नापास. शाळा कुणाला हाकलत नव्हती. पुन्हा नववीत बसा म्हणत होती, नाहीतर दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसा. नऊपैकी एकानेही फॉर्म भरला नाही. धनाजीला इंग्रजीत तीस पडले होते. वडील चिमाजी म्हणाले, आता परत नववी करून काय दिवे लावणार, चल मंडपावर.

उरलेले अठ्ठावीस सगळे पास झाले. पेपरात फोटो आला, गावात पेढे वाटले. त्या सत्काराचा मंडप चिमाजीनेच घातला होता आणि त्याचे खांब सोळा वर्षांच्या धनाजीने रोवले होते.

हे सगळं धनाजी गिळून बसला होता. पंचवीस वर्षांत माणूस बरंच गिळतो. पण या मे महिन्याच्या एक तारखेला त्याची पोरगी सृष्टी नववीचा निकाल घेऊन घरी आली आणि उंबऱ्यातच बसली. गणितात एकतीस. तिच्याबरोबर आणखी पाच पोरी, एकूण सहा. त्यांत तिची जिवाभावाची सोनियाही होती. शाळेने सहाजणींच्या हातात सारखाच कागद दिला होता : दाखला घ्यावा, सतरा नंबरने बसावं.

"पप्पा, पेपर चांगला गेला हुता," सृष्टी एवढंच म्हणाली.

धनाजी शाळेत गेला. सृष्टीच्या वर्गशिक्षिका सुलूबाई, म्हणजे त्याच्याच वर्गातली सुलू. पेपर दाखवा म्हटलं तर दाखवायची पद्धत नाही. फेरपरीक्षा घ्या म्हटलं तर ती झाली म्हणे, कधी झाली कुणास ठाऊक. "वरून असतं रे धनाजी सगळं," सुलू म्हणाली, "माझ्या हातात काय आहे? सचिवांना भेट." सचिव म्हणजे इंद्रजित. संस्थेचं सचिवपद त्याच्या घरात आधी चुलत्याकडे होतं, आता त्याच्याकडे. धनाजीने तीन आठवडे त्याला फोन लावला. कधी मीटिंग, कधी लग्न, कधी नुसताच उचलला नाही.

इकडे घरात बायकोचा, मंगलचा भाऊ बंडू येऊन बसला. शिरवळच्या कंपनीत एक पोरगा आहे म्हणाला, घरचं चांगलं आहे, आता बोलून ठेवू आणि अठरा पुरी झाली की बार उडवून देऊ, तोवर पोरगी घरकाम शिकेल. मंगल नाही म्हणाली नाही. सृष्टी ऐकत होती. सृष्टीला नर्स व्हायचं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं, बंडूलासुद्धा.

म्हणून धनाजीने हे काम घेतलं. इंद्रजित आज दिवसभर एका जागी सापडणार होता.

दहा वाजता मंडळी यायला लागली. दोघे वेल्ह्याहून एसटीने आले, बाकीचे आपापल्या गाड्यांनी. गळाभेटी, किंचाळणं, 'अरे किती जाडा झालास!' फेटेवाल्याने रांग लावली आणि एकेकाला फेटा बांधायला सुरुवात केली. बायकांनापण फेटे. सुलूला फेटा बांधून झाला तेव्हा ती धनाजीकडे पाहून कसनुसं हसली.

"शोभतोय," धनाजी म्हणाला. "लई शोभतोय. पोरीस्नी नापास केलं की ह्यो मिळतो व्हय?"

"असं काय बोलतोस रे आजच्या दिवशी," सुलू म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली. तिच्या मागून आनंद आला. आनंद पुण्यात बँकेत, आजचा निवेदक. त्याने धनाजीच्या पाठीवर थाप मारली. "धन्या! तूच आहेस होय साऊंडला! बरं झालं, घरचाच माणूस." आणि लगेच, "माइक चेक कर बाबा, शिट्टी नको यायला."

इंद्रजितची गाडी साडेदहाला आली. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, मागे दोन माणसं. धनाजीने केबल टाकून त्याला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"इंद्रजित, माजी पोरगी."

"अरे धन्या, आज नको ना," इंद्रजित कपात बघत म्हणाला. "आज आनंदाचा दिवस. सोमवारी ये ऑफिसला."

"तीन सोमवार झालं. तू नसतोस."

"हे बघ, निकालाची परंपरा आहे. आपल्या बॅचपासून सुरू झालेली. खोऱ्यात दुसऱ्या शाळेचं नाव घेत नाही कोणी ते त्यामुळंच. आता एका पोरीसाठी ती मोडायची का? सतरा नंबर भर. पास झाली तर तुझीच पोरगी आहे, आम्हीच सत्कार करू."

"आपली बॅच," धनाजी म्हणाला.

"मग काय तर," इंद्रजित म्हणाला. त्याला त्यात काही बोचलंच नाही. फेटेवाला त्याच्यासाठी वेगळा, जरीचा फेटा घेऊन आला होता. तो बांधून घ्यायला तो खुर्चीत जाऊन बसला.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि मग आठवणी. मंडपाच्या कडेला मिक्सरमागे स्टूल टाकून धनाजी बसला होता, आणि त्याच्याच कर्ण्यांतून त्याला त्याचंच लहानपण ऐकू यायला लागलं.

आनंदने सातवीतली घंटा सांगितली. एका शनिवारी पोरांनी वीस मिनिटं आधीच घंटा वाजवली आणि अख्खी शाळा घरी गेली. "आम्ही वाजवली!" आनंद म्हणाला आणि मंडप हसला. वाजवली होती धनाजीने, एकट्याने, आनंदने फक्त पैज लावली होती. छड्या धनाजीला पडल्या होत्या आणि चार दिवस त्याला भाकरी मोडता येत नव्हती. मग सुलू उठली. आठवीत ओढ्याला पाणी आलं होतं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी मुलींची दप्तरं डोक्यावरून पलीकडे नेली, तसा जिव्हाळा आता कुठे राहिलाय, म्हणाली. वर्गातली मुलं! मुलं काठावर उभी होती. पाच खेपा धनाजीने मारल्या होत्या आणि सहाव्या खेपेला त्याचं स्वतःचं दप्तर वाहून गेलं होतं.

"तू बी व्हतास ना रं यांच्यात?" गेनूकाकांनी हळूच विचारलं.

"व्हतो. गोष्टीत हाय, नावात न्हाई."

मग इंद्रजित बोलायला उभा राहिला. भूमिती त्याला कशी आवडायची, रात्ररात्र जागून वही कशी पूर्ण करायचा, ते सांगू लागला. ती वही धनाजीची होती. इंद्रजित ती सकाळी शाळेच्या मागे बसून उतरवायचा. धनाजीने मिक्सरवरचं इकोचं बटण जरा जास्तच फिरवलं. 'भूमिती, मिती, मिती' असा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन आला आणि मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. इंद्रजितने वळून धनाजीकडे पाहिलं. धनाजीने बटण जागेवर आणलं. एवढ्यानं काय होणार होतं? बारा वाजत आले होते, जेवणं झाली की हे सगळे पांगणार होते, आणि सृष्टीचं काम तसूभरही पुढे सरकलं नव्हतं.

जेवणाआधी शेवटचा कार्यक्रम हजेरीचा. अशा मेळाव्यांत ही रीतच पडून गेलीय : जुन्या वर्गशिक्षकांना बोलवायचं, शाळेतला जुना हजेरीपट आणायचा, आणि पन्नाशीकडे निघालेल्या माणसांनी नाव घेतल्यावर 'हजर' म्हणायचं. भोरहून केतकरबाईंना गाडी पाठवून आणलं होतं. बाई नववी-दहावी दोन्ही वर्षं यांच्या वर्गशिक्षिका होत्या. आता पंचाहत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. शिपायाने कपाटातून काढलेला हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला. पुठ्ठ्यावर १९९९ दिसलं म्हणून शिपायाने तो उचलला होता आणि आत कुणी पाहिलं नव्हतं.

"एक. अमृत."

"हजर, बाई!" एक टकला माणूस उड्या मारत उठला. मंडप खदखदला.

"दोन. अंकुश."

कुणी उठलं नाही.

"अंकुश?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अंकुश वीटभट्टीवर गेला होता आणि पुढे त्याचं काय झालं ते मंडपात कुणालाच माहीत नव्हतं. आनंद माइकवर म्हणाला, "पुढं घ्या बाई, पुढं." बाईंनी पुढची दोन नावं घेतली, ती माणसं उठली. पाचवं नाव घेतलं. पुन्हा तेच. आता काही माणसं एकमेकांकडे पाहू लागली. सुलूने डोक्यावरचा फेटा उगाच नीट केला. इंद्रजित शिपायाकडे डोळे वटारून पाहत होता.

बाईंनी पान उलटून वरचं लिहिलेलं वाचलं आणि धनाजीला दिसलं की त्यांना कळलंय. हा दहावीचा पट नव्हता. १९९८-९९, नववी. नावं सदतीस. बाईंना थांबता आलं असतं. पण हजेरी अर्धी सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पान परत फिरवलं आणि आणखी तीन नावं घेतली.

"नऊ. धनाजी चिमाजी."

धनाजी उठला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. हाताशी बिनवायरचा माइक होता, तो त्याने चालू केला.

"हजर, बाई."

बाई आवाजाच्या दिशेने पाहू लागल्या. तो मिक्सरमागून पुढे आला, दोन्ही बाजूंच्या फेट्यांमधून चालत.

"हजर हाय बाई, पन त्या फोटोत न्हाई. आमी नऊ जन न्हाई. ह्यांचा निकाल शंभर टक्के लागला त्यो आमाला काढून लागला. म्या गप ऱ्हायलो. आमचा बा बी गप ऱ्हायला. आन् आता ह्या साली सहा पोरी काढल्यात, बाई. सहा पोरी! पेपर बी दावत न्हाईत. त्यातली एक माजी हाय." शाळेच्या छपरावरच्या कर्ण्यांतून त्याचा आवाज वाड्यावस्त्यांवर चालला होता. "बाई, एकच इचारतो. मला इंग्रजीत किती पडलं व्हतं?"

"धन्या, बस झालं," आनंद म्हणाला.

"तुला न्हाई इचारलं. बाईस्नी इचारलं."

बाईंनी हजेरीपट मिटला. त्यांच्या पुढ्यात माइक होता.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "अडतीस पडले होते. मी तीस केले. हेडसरांनी नऊ नावांची यादी दिली होती. मी सगळ्यांचे खाली आणले आणि सही केली. मला आठवतं, कारण त्यानंतर मी कधी..." त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "आणि दोघांचे वाढवले. दोघे खरे नापास होते, पण त्यांची घरं संस्थेतली होती. त्यातला एक इथंच..."

इंद्रजित उठला. इतक्या चपळाईने तो शाळेत असताना कबड्डीतही कधी उठला नव्हता. चार ढांगांत तो बाईंच्या टेबलापाशी आला, त्यांच्या पुढचा माइक काढून घेतला आणि दुसरा हात धनाजीच्या खांद्यावर टाकला.

"मित्रांनो! भावना आहेत. धनाजी आपला भाऊ आहे. नऊ वर्षं आपल्या पंगतीला जेवलेला माणूस. आज मी, संस्थेचा सचिव म्हणून, सगळ्यांच्या साक्षीने शब्द देतो, की धनाजीची मुलगी कुमारी सृष्टी यंदा आपल्याच शाळेतून दहावीला बसणार! सोमवारी तिचा प्रवेश!"

काय टाळ्या पडल्या! सुटल्यासारख्या टाळ्या. सुलू डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. आनंद 'एकदा जोरदार' म्हणाला आणि पुन्हा वाजल्या.

धनाजीने टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली. "आन् बाकीच्या पाच?" असं तो म्हणाला, पण 'आन्' एवढंच माइकवर गेलं. इंद्रजितने हसत हसत आपला माइक बंद केला होता आणि धनाजीच्या माइकवर पंजा ठेवला होता. तोंड हसरं ठेवूनच तो धनाजीच्या कानाशी आला.

"एवढ्यावर थांब. एक मी अध्यक्षांना सांगून खपवतो. सहा बसवल्या तर निकाल बोंबलला. बाकीच्यांचं नाव काढलंस तर तुझीपण बसत नाही, ते लिहून ठेव. आणि म्हातारी काय बरळली ते कोणी मनावर घेत नाही. बोल आता, काय बोलायचंय ते."

आणि त्याने पंजा काढला.

माइक चालू होता. फेट्यातली माणसं, त्यांच्या बायका, पोरं, केतकरबाई, सगळे धनाजीच्या तोंडाकडे पाहत होते. बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं. धनाजीच्या डोळ्यांपुढे उंबऱ्यात बसलेली सृष्टी आली, आणि बंडू आला, मांडी घालून चहा पिणारा. सोमवारी प्रवेश. एवढ्यासाठीच तर तो आला होता. बाकीच्या पाचजणींना बाप होते, आया होत्या. त्यांनी यावं, त्यांनी भांडावं. हे त्याच्या मनात आलं, अगदी असंच आलं, आणि त्याला ते पटलं.

"आभारी हाय," धनाजी माइकवर म्हणाला. मग सगळे थांबलेत असं वाटून त्याने स्वतःच टाळी वाजवली.

पुढचं सगळं भराभर झालं. हजेरी तिथेच आटोपली. तिघे जण आले नव्हते, त्यांचे फेटे उरले होते. त्यांतला एक कुणीतरी आणून धनाजीच्या डोक्यावर ठेवला आणि त्याला ओढत फोटोला नेलं. इंद्रजितने त्याला स्वतःशेजारी उभं केलं. गेनूकाका मिक्सरपाशी उभे राहून हे बघत होते. त्यांनी मान फिरवली आणि केबल गुंडाळायला घेतली, कार्यक्रम संपायचा होता तरी.

केतकरबाई फोटोला आल्या नाहीत. जेवायलाही थांबल्या नाहीत. त्यांना गाडीपर्यंत सोडायला धनाजी गेला, फेटा हातात घेऊन. बाई आत बसल्या आणि काच खाली केली.

"सहा म्हणालास ना रे?"

"व्हय, बाई."

"मग?"

धनाजी फेट्याचा शेव बोटाला गुंडाळत उभा राहिला. "मला वाटलं होतं तू बोलशील," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणणार तुला. माझंच तोंड काळं." आणि त्यांनी काच वर केली.

दिवस मावळायच्या बेताला धनाजी घरी पोचला. बातमी त्याने टेम्पोतूनच फोनवर सांगितली होती. मंगलने शिरा केला होता. बंडू निघून गेला होता. शिरवळच्या पोराचं राहू दे म्हणून सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला म्हणे. आणि सृष्टी तीन आठवड्यांत पहिल्यांदा घरात गुणगुणत होती. तिने वह्यांना कव्हरं घालायला काढली होती, शाळा उघडायला महिना असताना. धनाजी ओसरीवर टेकला. आता त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. बापाने बापाचं काम केलं होतं. कुणी काही म्हणो.

तेवढ्यात ठकुबाई आली. ठकुबाई म्हणजे सोनियाची आजी. पोरीचे आईबाप पुण्यात बिगारी कामाला, नातीला वाढवलेली हिनेच. वरच्या वस्तीवरून उतरून आली होती, धापा टाकत, हातात फडकं झाकलेली वाटी.

"धनाजी, बाबा, कुटं हायस? तोंड दाव तुजं!" ती अंगणातूनच म्हणाली. "आमी समद्यांनी आयकलं रं कर्न्यावर. समदी वस्ती भाईर यिऊन हुबी व्हती. 'सहा पोरी' म्हनलास तवा माज्या डोळ्याला पानीच आलं. मंग वाऱ्यानं काय नीट आयकू आलं न्हाई, पन टाळ्या आयकल्या. किती टाळ्या! म्या सोनीला म्हनलं, झालं बाई तुजं काम. धनाजीमामानं केलं." तिने वाटीवरचं फडकं काढलं. साखर होती. "घे. तोंड गोड कर. आमच्यासाटी कुनी भांडाय गेलं न्हवतं रं आजवर."

मंगल दारात आली होती, सृष्टीही. सृष्टीच्या चेहऱ्यावर हसू फुलत होतं. तिला वडिलांनी फोनवर फक्त तिचंच सांगितलं होतं, आणि आता तिला वाटलं की उरलेली बातमी ही आजी घेऊन आलीय. "सोनियाचं पन झालं?" ती धनाजीला म्हणाली. "पप्पा, सांगितलं का न्हाई?"

खोटं बोलता आलं असतं. बघू, प्रयत्न चालू आहेत, सोमवारी कळेल, असं काहीतरी. इंद्रजित बोलतो तसं. धनाजीच्या जिभेवर ते आलंही होतं.

"न्हाई, आजी," तो म्हणाला. "फकस्त सृष्टीचं झालं."

ठकुबाईला कळायला वेळ लागला. "म्हंजी? तू सहा म्हनलास की."

"म्हनलो. मंग त्यांनी एक दिली. बाकीच्यांचं नाव घेतलं तर ती बी देत न्हाई म्हनले." त्याने मान खाली घातली. "मंग म्या न्हाई घेतलं."

ठकुबाई वाटीकडे पाहत उभी होती. ती ओरडेल, शिव्याशाप देईल, अंगणात बसून छाती पिटेल, अशी धनाजी वाट पाहत होता. ते त्याला चाललं असतं. भांडता आलं असतं, कुणाला ना कुणाला दोष देता आला असता. पण ठकुबाई पायरी चढून वर आली आणि सृष्टीचा हात उघडून तिच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली.

"खा बाई," ती म्हणाली. "तुजं तरी झालं." आणि वाटी पदराखाली घेऊन अंगणातून निघाली. येताना आली होती तशी धापा टाकत नाही, हळूहळू.

सृष्टीने मूठ मिटली. साखर तोंडात घातली नाही. आजी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली, मग धनाजीपुढे येऊन उभी राहिली.

"खा की," मंगल म्हणाली. "नाय म्हनू नये."

सृष्टीने मूठ धनाजीच्या तोंडापुढे धरली आणि उघडली.

"तुमीच खावा, पप्पा," ती म्हणाली. "त्या पाचजणींच्या नावाच्या टाळ्या तुमाला पडल्या ना."